रेंजचा खडक

आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. अणशीच्या रानात ती असावी अशी कुणाची अपेक्षाही नसते. फोन करायचा तर अर्धा तास चढून वरच्या खडकावर जायचं. तिथे आधीच पाच-सहा माणसं बसलेली असतात. फोन उंच धरून स्पीकर लावला तरच पलीकडचं नीट ऐकू येतं. त्यामुळे कुणाची म्हैस गाभण आणि कुणाचा जावई रुसला, हे सगळ्या वाडीला ठाऊक.

दहावीला मला चांगले मार्क पडले. खानापूरची मावशी म्हणाली होती, माझ्याकडं राहून कॉलेज कर. मला दुसरं काहीच नको होतं. आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही, नुसती गालात हसली. ते हसू आठवलं की आजही डोकं भणाणतं.

त्या रविवारी ती मला घेऊन वर गेली. फोन धरायचं काम नेहमीप्रमाणे माझं. मावशीला फोन लागला, ख्यालीखुशाली झाली आणि आई म्हणाली, "अक्का, पोरीला पाठवती. पण तुझ्यापासनं काय लपवू? सोळाची घोडी झाली, अजून हातरुणात मुतती."

खडकावरच्या माणसांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या वर्गातली एक मुलगी तिथेच होती. तिने ओढणी तोंडाला लावली.

धादांत खोटं. सातव्या वर्षानंतर माझं अंथरूण कधी ओलं झालं नव्हतं, आणि हे आईइतकं कुणाला माहीत असणार!

"व्हय गं पोरी? खरं हाय?" मावशीने मला विचारलं.

आई माझ्याकडे बघत होती. तिला खोटं पाडलं की आठ-आठ दिवस अबोला, आणि माझं ताट वाढलं जायचं नाही. हो म्हटलं तर खूश होईल, खूश झाली तर पाठवेल, असं मला वाटलं. मूर्खच होते.

"व्हय मावशी."

मावशी म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे बाई. आमच्याकडं पै-पावणं येत असतंय."

उतरताना आईने माझ्या खांद्यावर हात टाकला. एरवी ती कधी टाकत नसे. "बघितलंस? सख्खी मावशी न्हाई ठेवून घेत. आईच सोसती."

आणि मी, लाज वाटते सांगायला, तिच्याच कुशीत रडले. "आता आणखी कुणाला सांगू नकोस गं," म्हणून विनवलं.

"माझं ऐकून ऱ्हा, मग न्हाई सांगत."

मी सात वर्षं ऐकून राहिले.