म्हादबाच्या दुधातलं पाणी

म्हादबाच्या दुधात पाणी कधीच नव्हतं. पाणी मी घालत होतो.

हे लिहायला मला चार वर्षं लागली. आता गल्लीने वाचावं आणि काय म्हणायचं ते मला म्हणावं.

म्हादबा उचगावाहून दोन्ही वेळा आमच्याकडे म्हशीचं दूध घालायचा. डॉक्टरांनी मला ते बंद केलं होतं आणि बंदोबस्त माझ्या बायकोने, सुमनने, हाती घेतला होता. पातेल्यात दूध कुठवर आहे, ती रेघ तिला पाठ! म्हणून दुपारी तिचा डोळा लागला की मी पेलाभर दूध प्यायचो आणि पेलाभर पाणी ओतून रेघ जागेवर आणायचो. (तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, ते असं उपयोगी पडलं.)

मग सहावीतली नात सई म्हणाली, "आजोबा, घरातल्या द्रवांची घनता मोजायचीय."

माझ्यातला मास्तर जागा झाला! स्ट्रॉच्या बुडाला मेण लावलं, त्यात टाचण्या खोचल्या. नळी काकवीत ऐटीत वर राहिली, गोडेतेलात गळ्यापर्यंत बुडाली, पाण्यात मधेच थांबली.

"द्रव जितका जास्त घनतेचा, तितकी नळी वर," मी फळ्यासमोर असल्यासारखा म्हणालो. "दूध पाण्याहून जड. म्हणजे दुधात ती…"

"पाण्याइतकीच बुडालीय की!"

"टाचणी सैल असेल."

"तुम्हीच लावलीय की ओ!"

सुमन उठून आली. मी म्हणालो, "मांजराचं काम असेल."

"मांजर दूध पितं. पाणी भरून ठेवत न्हाय!"

संध्याकाळी म्हादबा दारात आला आणि तोफ सुटली. "म्हादबा, वीस वर्षांचा रतीब हाय! हे शोभलं व्हय तुम्हाला?"

"वैनी, थेंब न्हाय पाणी माझ्या दुधात! घाला की नळी किटलीत. गल्ली गोळा करून घाला!"

गल्ली आधीच गोळा झाली होती. मी स्वयंपाकघरात उभा. घाबरलो की माझ्या घशाला कोरड पडते, आणि समोर पातेलं होतं… प्यालो! मग बाहेर आलो.

सई नळी घेऊन किटलीवर वाकली होती. म्हादबाने माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या मिशीवरून हात फिरवला. कोल्हापुरात मिशीवर हात म्हणजे आव्हान! मीही छाती काढली. त्याने पुन्हा हात फिरवला, डोळ्यांनी खुणावलं. तेव्हा कुठे माझ्याच मिशीवरची साय मला जाणवली. बाहीने पुसली. सुमनची पाठ होती म्हणून वाचलो.

म्हादबाने किटलीला झाकण लावलं. "ऱ्हाऊ दे, पोरी. चूक माझीच. सकाळी किटली धुतली, त्यातलं पाणी ऱ्हायलं आसंल."

आणि मी? मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." वर त्याला माफही केलं!

गल्लीतल्या तीन घरांनी त्याचा रतीब बंद केला. पोरं त्याला 'पाणीवाला' म्हणू लागली. म्हादबा तरी आमच्या दारात रोज हसत उभा.

गुडघे बोलायला लागले म्हणून त्याने गेल्या आठवड्यात फेरी सोडली. जाताना सुमनला म्हणाला, "त्या दिवशीचं मनात ठेवू नका, वैनी." माझ्याच्याने राहवेना. सुमनला सगळं सांगितलं (तिचं उत्तर छापण्यासारखं नाही), त्या तीन घरांत जाऊन सांगितलं, आणि उचगावला म्हादबाच्या गोठ्यात हात जोडून उभा राहिलो.

"का रे बाबा, का घेतलंस अंगावर?"

"मास्तर, नातीसमोर तुमची मान खाली गेलेली बरं दिसलं आसतं व्हय?"

तो तसाच दुखऱ्या गुडघ्यांनी म्हशीखाली बसला, धार काढली आणि फेसाळता पेला माझ्या हातात दिला. "घ्या. पाणी मी घालू, का तुमचं तुम्ही घालताय?"

डोळे पुसत एका दमात पेला संपवला आणि हलक्या मनाने घरी आलो. सुमनने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि आपल्या वरच्या ओठावरून बोट फिरवलं.

डोळे तेवढे पुसले होते!