तुळसाची शेणावरची व्हॅन

आंबिवलीत शेवंतीच्या गोठ्याला मान होता. चौदा म्हशी, दुधात पाण्याचा थेंब नाही आणि जिभेला लगाम नाही. धाकटी जाऊ तुळसा, तिच्याकडे पाचच म्हशी, म्हणून शेवंतीची तिच्यावर मोठी माया.

मग तुळसाने शेणाच्या गॅसची टाकी बांधली. पाच म्हशींचं शेण पुरेना, तेव्हा शेवंतीकडचं रोज पाट्या भरून नेऊ लागली. शेवंतीला बरंच झालं, घाण परस्पर जात होती. पण वर्षभरात त्याच गॅसवर तुळसाची जुनी व्हॅन दूध घेऊन कल्याणला धावू लागली आणि शेवंतीच्या पोटात दुखायला लागलं. घोडबंदर रोडची माणसं मोठाल्या गाड्यांतून ते खटारं बघायला येत, तुळसाचे फोटो काढत. शेण शेवंतीचं, फोटो तुळसाचा!

पाहुण्यांनी आपलाही गोठा बघावा म्हणून शेवंती इरेला पेटली. रोज सकाळी फिनेल ओतून तिने जमीन अशी घासली की म्हशी घसरू लागल्या. फिनेलात भिजलेलं तेच शेण तुळसाच्या पाटीत जाई. पंधरा दिवसांत गॅस बंद, व्हॅन दारात उभी. तुळसा दुधाचे कॅन घेऊन रिक्षा शोधत फिरायला लागली. त्या दिवशी शेवंतीला दोन घास जास्त गेले, खोटं कशाला सांगू?

माजिवड्याहून इंजिनियर आला. त्याने टाकीचा वास घेतला. "फिनेल गेलंय यात. गॅस करणारे जंतूच मेले. कोणी घातलं?"

गाव जमलं होतं. कुंपणाशी उभी शेवंती दोन पावलं मागे सरकली.

"माज्याच हातून सांडलं," तुळसा म्हणाली.

इंजिनियरने चारचौघांत तिला झापलं. टाकी उपसून पुन्हा भरायची, म्हणजे महिना गेला.

माणसं पांगल्यावर शेवंतीने विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

"बाय, तुज्या गोठ्याचं गावात नाव हाय. लोक हसले असते तुला."

शेवंतीला रडू आलं, आणि राग त्याहून जास्त आला. व्हॅन झाली, फोटो झाले, आता चांगुलपणातही हीच पुढे!

दुसऱ्या दिवशी तिने साध्या पाण्याने गोठा धुतला. आज तरी आपण आधी, म्हणून पहाटेच शेणाची पाटी स्वतः डोक्यावर घेऊन जावेच्या दारात गेली.

तुळसा दोन कप चहा गाळून तिची वाट बघत बसली होती.