मागून आणलेलं दुपटं

जुईनगरला आम्ही राहायला आलो तेव्हा बिल्डिंगमधल्या निम्म्या दारांना कुलपं होती. नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. स्टेशन नवंकोरं, रस्ते रुंद आणि रिकामे, आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटवर माणूसभर गवत. संध्याकाळी खाडीकडून चिखलाचा वास यायचा. परळच्या चाळीतल्या माणसांना तिथं करमायचं नाही, असं सगळ्यांनी बजावून ठेवलं होतं. मला मात्र तिथं पहिल्या दिवसापासून बरं वाटलं, कारण तिथं मला कोणी ओळखत नव्हतं.

परळला सगळेच ओळखत होते. माझी पहिली मुलगी जन्मली, थोडे दिवस राहिली आणि हॉस्पिटलमधूनच गेली. मी रिकाम्या हातांनी चाळीत परतले. त्यानंतर नळावर गेले की बायका गप्प व्हायच्या, आणि बादली उचलून पाठ वळवली की पुन्हा बोलायला लागायच्या. घरात तर तिचा विषयच निघत नसे. चुकून निघालाच तर 'त्या वेळचं ते' असं म्हणून पुढं जायचं, अशी रीत पडून गेली होती. नव्या जागेत मी मनाशी पक्कं केलं, की इथं यातलं काहीही कोणाला कळू द्यायचं नाही. बी विंगमधली, तुर्भ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात जाणारी बाई, एवढी ओळख मला पुरेशी होती.

पुढल्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले. सातवा लागला तशा साताऱ्याकडून सासूबाई आल्या. येताना ट्रंक नाही, बॅग नाही; एका जुन्या लुगड्याचं गाठोडं आणि कनवटीला सुयांची डबी. बसणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. आमच्या शॉपिंग सेंटरमध्ये एक लेडीज टेलर होता, त्याच्या दुकानाबाहेर चिंध्यांचं पोतं पडलेलं असे. ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी हेरलं आणि मला घेऊन यायला लावलं. मग काय विचारता! मिक्सरला झगा आला, टीव्हीला फुलाफुलांचा पडदा आला, फ्रिजच्या मुठीला मोजा आला. गॅसच्या सिलिंडरला त्यांनी झालरीचा परकर शिवला, तेव्हा माझे मिस्टर म्हणाले, "आई, मी जरा जपूनच बसतो, नाहीतर मलाही कव्हर घालशील." फोन अजून लागायचा होता, तरी त्याचं कव्हर तयार होऊन कपाटात बसलं होतं. त्या काळात सगळ्याच घरांत असं असायचं. हप्त्याहप्त्यानं घेतलेल्या वस्तूंवर धूळ बसणं कोणाला परवडणार होतं? पण आमच्याइतकी झाकाझाक मी दुसरीकडं पाहिली नाही.

एका दुपारी त्यांनी गाठोड्याचं ते लुगडं काढलं. वापरून वापरून मऊसूत झालेलं. मला म्हणाल्या, "आता बाळाचं दुपटं घालायचं. पर ह्या चिंध्या चालायच्या न्हाईत. मागून आणाय पायजेत."

मागून म्हणजे दारोदार जाऊन. ज्या बाईचं आधीचं मूल गेलं, तिच्या पुढच्या बाळासाठी लेकरं नांदत असलेल्या घरांतून तुकडे मागायचे, तेही त्या लेकरांच्या अंगावर वापरलेल्या कपड्यांचे. अशा मागितलेल्या दुपट्यावर बाळ निजलं की ते तगतं, अशी त्यांच्या गावची समजूत. मी तेव्हाही यावर विश्वास ठेवला नाही आणि आजही ठेवत नाही. डॉक्टर, गोळ्या, तपासण्या, माझा भरवसा त्यांच्यावर होता. मी चिंध्यांचं अख्खं पोतं त्यांच्यापुढं सरकवलं आणि म्हटलं, "यातले हवे तेवढे घ्या. कोणाच्या दारात जायचं नाही." त्यांनी पोतं बाजूला ठेवलं. मला वाटलं, पटलं.

कसलं पटतंय! आठवडाभरानं मी ऑफिसातून परतले तर तळमजल्यावरच्या बाई दारातच उभ्या होत्या. मुस्लिम कुटुंब ते, उरणच्या मोरा बंदराकडचं. येता-जाता हसण्यापलीकडं आमचं बोलणं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पुढं होऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "सासू आलती तुझी. पोराला कुराण शिकायला बसवला ना, त्या बिस्मिल्लाचा सदरा होता हिरवा, त्यातला दिला कापून. या वेळेला सगळं चांगलं होनार बघ. टेन्शन नको घेऊ."

'या वेळेला' हे शब्द ऐकले आणि माझं डोकं फिरलं. जिना चढताना प्रत्येक दार माझ्याकडं बघतंय असं मला वाटत होतं. वर जाऊन मी चप्पलही न काढता विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत लोकांना?"

सासूबाई गव्हातले खडे निवडत होत्या. "काय हाय ते सांगितलं. कापड मागायचं तर कशापायी ते सांगाय नको?"

"मला विचारलंत? ती माझी गोष्ट होती. माझी! ती तुम्ही चिंध्यांसाठी वाटत फिरलात?"

मी आणखीही पुष्कळ बोलले. सोसायटीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत, असंही म्हणाले. त्या ऐकत राहिल्या, आणि मी दमून खाली बसले तेव्हा पाणी आणून दिलं. मी ते प्यायले नाही. त्यानंतर चांगले काही दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नव्हते.

मिस्टरांना दोघींच्या मधे येणं कधी जमलं नाही. ते एवढंच म्हणाले, "ती कोणाच्या दारात जाईल हेच मला खरं वाटत नाही. आमच्याकडं विरजण संपलं तर ती दोन दिवस ताक न करता राहायची, पण शेजारी वाटी पाठवायची नाही. लोकांनी आपल्याकडं मागावं, आपण मागू नये, असा तिचा तोरा." मी म्हटलं, तोरा होता तर इथंच बरा सोडला. राग काही उतरला नाही.

त्या रविवारी मी जिन्यात उभी होते. वरच्या मजल्यावर बोलणं ऐकू आलं म्हणून चार पायऱ्या चढून पाहिलं. सासूबाई एका दाराशी उभ्या होत्या. चपला बाजूला काढलेल्या, डोक्यावर पदर, आणि त्याच पदराचं टोक दोन्ही हातांत धरून पुढं पसरलेलं. त्या दारातली बाई सोसायटीत भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध होती. पाण्याच्या टँकरवरून तिनं सेक्रेटरीला रडवलं होतं म्हणतात. सासूबाईंनी तिला खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं, आणि ती आत गेली. तेवढा वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या, नजर खाली, हात पसरलेले. माझ्या मिस्टरांनी सांगितलेली ती मानी बाई माझ्या डोळ्यांसमोर आली. मी पाय न वाजवता खाली आले.

संध्याकाळी ती वरची बाई आमच्याकडं आली. हातात कैरीचं लोणचं होतं, पण ते निमित्त होतं. सासूबाई दळण आणायला गेल्या होत्या. ती माझ्यासमोर बसली आणि सिलिंडरच्या परकराकडं बघत म्हणाली, "माझा पण होता एक. आताच्या मुलाच्या आधीचा. इथं कोणाला माहीत नाही. तुमच्या सासूला सांगितलं, आता तुम्हाला सांगते." मग तिनं विचारलं, "नाव ठेवलं होतं का हो तिचं?"

बारशाच्या आधीच गेली होती ती. नाव फक्त माझ्या मनात होतं, ते मी मिस्टरांनाही कधी सांगितलं नव्हतं. त्या बाईला सांगितलं. तिनं ते एकदा हळूच म्हणून पाहिलं आणि "छान आहे" म्हणाली. मग आम्ही दोघी खूप रडलो, आणि रडून झाल्यावर लोणच्यात मीठ जास्त पडलंय का यावर बोललो. दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंशी बोलायला लागले. माफी वगैरे मी मागितली नाही, त्यांनीही मागितली नाही. मला विचारायला हवं होतं, हे माझं म्हणणं अजूनही कायम आहे.

माझी रजा सुरू झाली आणि दुपारी आम्ही दोघी दुपट्याला बसू लागलो. हॉलमध्ये लुगड्याचे पदर एकावर एक अंथरायचे, कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवायचे, वर तुकडे मांडून बघायचे. हिरवा सॅटिनचा, शाळेच्या खाकी चड्डीचा, कुठल्याशा फ्रॉकचा गुलाबी, एका बाळाच्या टोपड्याचा झिरझिरीत पांढरा. सासूबाई काठाकडून आत धावदोरा घालत यायच्या. ओळ सरळ, टाके तांदळाएवढे. माझे टाके वाकडे जायचे. त्या ते उसवत नसत, नुसत्या म्हणायच्या, "असू दे, बाळ काय पट्टी लावून बघतंय?" पंख्याची घरघर, लांबून जाणारे ट्रक, त्यांचं मधूनच गुणगुणणं. त्या दुपारी मला फार आठवतात. इतकं निवांत बसणं पुढं आयुष्यात पुन्हा मिळालं नाही.

दुपटं भरत आलं, पण मधोमध वितीएवढी जागा त्या सोडूनच ठेवत होत्या. सगळी घरं झाली असं मला वाटत होतं. विचारलं तर म्हणाल्या, "एक घर ऱ्हायलंय." आणि उठून, पदर सारखा करून बाहेर गेल्या. दार लागलं.

लगेच बेल वाजली.

मी उघडलं तर त्याच उभ्या. चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन, तो पसरून. मला हसू येणार होतं, पण त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि आलं नाही.

"बाई," त्या म्हणाल्या. एरवी मला अगंतुगं करणाऱ्या सासूबाई. "तुमच्या घरात लेकरू हुतं. त्याचं एखादं फडकं द्या."

गेलेल्या मुलाचं कापड नव्या बाळाच्या अंगाला लावत नाहीत, एवढं मलाही माहीत होतं. त्यांच्यासारख्या बाईनं तर हे तोंडातून काढणंही अवघड होतं. "आई, पण ते चालतं का?" मी विचारलं.

त्यांनी पदर तसाच पसरून धरला होता. "न्हाई चालत. माझा जीव बी भितोय. पर सगळ्यांची लेकरं घेतली आणि आपलंच भाईर ठेवायचं, हे माझ्यानं हुईना. लेकरू हुतं की नव्हतं ह्या घरात?"

"होतं," मी म्हणाले.

कपाटात, माझ्या शालूच्या घडीत एक पिवळं झबलं होतं. तिच्या अंगावर एकदाच चढलेलं. मी ते कापू शकले नाही. तसंच त्यांच्या पदरात ठेवलं. त्यांनी ते कपाळाला लावलं, उंबरठा ओलांडून आत आल्या, आणि कात्री हातात घेऊन बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग कापलं. मधली जागा मात्र त्यांनी मला भरायला लावली.

मुलगा झाला. धडधाकट, तान्हेपणापासून आरडाओरडा करणारा. चाळीतली माणसं, गावची माणसं, ऑफिसातल्या बायका, सगळे बघायला आले. सासूबाई प्रत्येकाला दुपटं दाखवायच्या. बाळाला जरा सरकवून तुकड्यातुकड्यावर बोट ठेवत घरं सांगायच्या. हा खालच्या बाईंच्या पोराचा, हा वरच्या बाईंच्या मुलाचा. माझ्या घरातल्या कोणीही कधी न केलेला उल्लेख त्या अगदी सहज करायच्या. पिवळ्या तुकड्यावर बोट आलं की म्हणायच्या, "आणि ह्यो त्याच्या ताईचा."