दादाचं जीपीएस आणि आईचं घड्याळ

सोलापूरच्या चारी बाजूंना बघावं तिथं सपाट. मग माझ्या दादाला डोंगराचं वेड लागलं कुठून? आईला विचारलं, मित्रांना विचारलं, दादाला तर शंभरदा विचारलं.

आता दादाच नाही. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेला. मित्र भेटायला येतात, मग कुणीतरी म्हणतं, "ते जीपीएसचं आठवतंय का?" झालं! शेंगा सोलायला बसल्यासारखं होतं. एक किस्सा संपत नाही तोवर हात दुसऱ्यावर.

आमचं डोंगर चढायचं मंडळ चौघांचं. दादा, टॉवेलच्या कारखान्यातला अंबादास, जीपवाले रफिकभाई, आणि शाळा अर्ध्यात सोडलेला मी.

*

एकदा धुक्यात वाट चुकलो आणि नेमके सगळ्यांचे मोबाईल बंद पडले. दादानं ठरवलं, हातात धरायचं जीपीएस घ्यायचं, पण स्वस्तातलं. दुकानदारानं गाडीला लावायची डबी पुढं केली. "गाडी चोरीला गेली की लगेच कळतंय बघा."

दादा म्हणाला, "गाडी न्हाय हो हरवत, आमी हरवतोय!"

दुकानदारानं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग घरच्यांना पाठवा की. तुमाला लावून देतो!"

*

शेवटी एका माणसाकडं दोन जुनी यंत्रं विकायला आहेत असं कळलं. एक रंगीत पडद्याचं, बोट लावलं की चालणारं. दुसरं बटणांचं, साध्या पडद्याचं. मी रंगीत बघितलं आणि ओरडलो, "हेच घ्या!"

दादानं डबा उघडला. "आधी जेव."

भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन झाली. मी हात धुवायला उठलो तर म्हणाला, "तसाच ये. आता वाट दाखव."

तेलकट बोट लावलं. नकाशा हलेना. जोरात दाबलं, तर सर्रकन घसरला आणि पडदा निळाच निळा!

"बघ, समुद्रात गेलास," दादा म्हणाला. "डोंगरात पाऊस असतो, घाम असतो. तितं हात पुसायला टॉवेल कोन देणार?"

"मी हाय की," अंबादास म्हणाला.

बटणांचं घेतलं. ते स्वस्तही होतं.

*

पहिली परीक्षा होटगीच्या बाजूला. दादानं घराची जागा यंत्रात नोंदवली होती. तिकडं नेऊन म्हणाला, "आता बाणाच्या मागं चालायचं. कुणाला विचारायचं न्हाय."

बाण सरळ रेषेतच दाखवतो, मध्ये काय आहे ते त्याला काय माहीत? आम्ही ज्वारीच्या बांधावरून थेट एका लग्नाच्या मांडवात! पंगत बसलेली. वाढप्यानं पत्रावळ्या टाकल्या, आम्ही मुकाट बसलो.

रफिकभाई तिसरी जिलेबी उचलत म्हणाले, "मशीन लई अच्छी हाय रे! पयलं जेवायची वाट दाखवली!"

*

त्या यंत्राला दोन पेन्सिल सेल लागतात. दादा कधी नवे घ्यायचा नाही. एक टीव्हीच्या रिमोटमधला, एक भिंतीवरच्या घड्याळातला. म्हणायचा, "घड्याळातला चालू हाय हे डोळ्यांनी दिसतंय. दुकानातल्याचा काय भरवसा?"

आई करवादायची, "तुमचा डोंगर झाल्याबिगर माझे सात वाजायचेच न्हाईत का?"

परत आलो की दादा आधी घड्याळात सेल घालायचा, मग पाय धुवायचा. टिकटिक सुरू झाली की आई आतूनच विचारायची, "आले का समदे?"

*

यंत्र मंडळाच्या पैशातलं. पण दादा गेल्यावर दोघांनी ते परत मागितलं नाही. उलट रफिकभाई म्हणाले, "चल रे. तुझ्या दादाची वाट हाय की त्यात." या दोघांचे आभार मानले तर शिव्या देतील, म्हणून इथं लिहून टाकतो.

निघताना रिमोटमधला सेल घेतला आणि दुसरा दुकानातून आणायला चाललो होतो. आईनं थांबवलं. स्वतः स्टुलावर चढली, घड्याळातला सेल काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

दादाबरोबर गेलो होतो त्याच गडावर गेलो. धुकं इतकं की पुढचा माणूस दिसेना. दादानं मागच्या वेळी साठवलेली वाट लावली आणि तिच्यावरून उतरू लागलो. मध्येच ती वाट डावीकडं वळली, एका करवंदीच्या जाळीपाशी गेली आणि तिथूनच परत फिरली.

"हितं काय हाय?" अंबादासनं विचारलं.

"काय न्हाय. मागं माझी टोपी उडाली होती. दादा काढायला गेला होता."

सरळ गेलो असतो तरी चाललं असतं. पण रफिकभाई डावीकडं वळले. तिघं जाळीपर्यंत गेलो, उभे राहिलो, आणि परत फिरलो.

दोघं मला घरापर्यंत सोडायला आले. मी यंत्रातला सेल काढला, स्टुलावर चढलो, घड्याळात घातला. टिकटिक सुरू झाली.

"आले का समदे?" आतून आईनं विचारलं.

रफिकभाईंनी मान खाली घातली. अंबादास बुटाची नाडी सोडत बसला.

"व्हय," मी म्हणालो, आणि काटे बरोबर वेळेवर लावले.