भवानीच्या आधी रक्त नाही

रक्ताचा रिपोर्ट वाचता वाचता खुर्चीतून उभी राहणारी डॉक्टर मी एकच पाहिली. आकडा चांगला असो की वाईट, त्या उठायच्याच. मंडईत आम्ही त्यांना हाडांच्या बाई म्हणायचो. होत्या कॅन्सरच्या डॉक्टर, पण बोलायच्या कायम हाडांवर. राहायच्या शनिवार पेठेत आणि भाजी घ्यायच्या माझ्याकडे.

माझ्या छातीतली गाठ काढल्यावर मला रोजची एक गोळी लागली, पाच वर्षांची. गोळी आजार परतू देत नाही, पण हाडं पोखरते. सांधे असे धरायचे की कांद्याचं पोतं सोडाच, तराजू उचलवेना. मी सरळ सांगितलं, "गोळी बंद करा. पोतं ओढता आलं नाही तर काय करू? सुनेच्या फ्लॅटात टीव्ही पुसत बसू?" सून हडपसरला कंप्युटरच्या कंपनीत लागली होती आणि मला तिकडे न्यायला टपली होती.

"मावशी, गोळी सोडली तर गाठ परत येऊ शकते. नुसतीच घेत राहिलात तर हाडं मोडतील. मला दोन्ही नकोय," बाई म्हणाल्या.

समजावताना त्या समोरच्याच्या रोजच्या बघण्यातलं काहीतरी उचलायच्या. "सुनेकडे जाताना बघता ना? जुनं पाडतात, नवं बांधतात. हाडांतही रोज तेच चालतं. तुमच्याकडे पाडकाम वाढलंय. त्याचा राडारोडा रक्तात येतो, तो आपण मोजायचा! हाडांच्या फोटोत फरक दिसायला वर्ष जातं. रक्त काही महिन्यांतच सांगतं!"

"बाई, राडारोड्याचा एवढा आनंद?" मी विचारलं.

"अहो, आधी कळलं तर आधी थांबवता येतं!"

अडचण एकच होती. हे रक्त सकाळी लवकर, उपाशीपोटी द्यावं लागायचं. काही खाल्लं की आकडा उगाच कमी दिसतो. आणि सकाळी मी मंडईत. गाळा सोडून येणार नाही, असं मी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच बाईच गाळ्यासमोर उभ्या. पिशवीत सुई, बाटली आणि बर्फाचा डबा.

"थांबा," मी म्हटलं. "अजून भवानी व्हायची आहे. पहिली विक्री होईपर्यंत या गाळ्यावरून काही बाहेर जात नाही. रक्तसुद्धा नाही."

शेजारची लसूणवाली सखू म्हणाली, "खरं आहे बाई. मिरची मागितली तर मलाही देत नाही ती."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "मग कोथिंबीर द्या."

"किती?"

"लवकर मिळेल तेवढी!"

मी नोट कपाळाला लावली, डब्यात टाकली आणि हात पुढे केला. सगळी ओळ गोळा झाली. सखू म्हणाली, "वजन करून घ्या हो, ही मापात मारते." बाई इतक्या हसल्या की सुई टोचायच्या आधी त्यांना दम घ्यावा लागला.

आकडा वाईट आला. बाईंनी मला सलाईनमधून हाडांचं औषध दिलं, कॅल्शियम दिलं, उन्हात चालायला लावलं. काही महिन्यांनी पुन्हा कोथिंबीर, पुन्हा रक्त. "या वेळी आकडा उतरला नाही, तर गोळी बदलू. पण पोतं विसरायचं," त्यांनी बजावलं. त्या आठवड्यात मी दोनदा चुकीचं माप दिलं, दोन्ही वेळा गिऱ्हाइकाच्या फायद्याचं. यावरून काय ते समजा.

मग एका सकाळी बाई धावतच आल्या. एक पाटी लवंडली, टोमॅटो घरंगळले, त्यांना पत्ता नाही. "उतरला! मावशी, निम्म्याहून खाली!" सखू नाचायला लागली. मी टोमॅटो वेचत होते, पण खोटं कशाला सांगू, वेचलेले पुन्हा हातातून पडत होते.

निघताना बाई म्हणाल्या, "मी या महिन्यात नागपूरला चाललेय, आईकडे, कायमची. आता पुढचं रक्त दुसरे डॉक्टर घेतील."

"ते काय मंडईत येणार आहेत?"

"नाही. तुम्हाला जावं लागेल. जाल ना?"

मी हो म्हटलं नाही. पण गेले. दर वेळी गाळा बंद ठेवून गेले. एरवी सासरे वारले तेव्हासुद्धा गाळा एकच दिवस बंद होता.

नागपुरात त्यांना कोणी भेटलं तर सांगा. पाचही वर्षांच्या गोळ्या संपवल्या. आणि कांद्याचं पोतं अजून मीच ओढते.