इंदूर ते धुळे: बंद पडलेला एसी आणि अकरा वर्षांनंतरची भेट

जायचं ठरलं ते शुक्रवारी संध्याकाळी, आणि ठरवलं ते माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी. धुळ्याहून मामींचा फोन आला होता की बापूमामांना महिन्याभरापूर्वी अर्धांगवायू झाला, आता घरी आणलंय. बापूमामा म्हणजे आईंचे धाकटे भाऊ. अकरा वर्षांपूर्वी माझे सासरे गेले तेव्हा ते आले नाहीत, आणि त्या दिवसापासून आईंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. फोन ठेवून आई थोडा वेळ पंख्याखाली बसल्या आणि म्हणाल्या, "उद्या सुबह निघू. तुला सुट्टी आहे ना?"

मे महिना, इंदूरला त्रेचाळीस डिग्री. आई एकाहत्तर वर्षांच्या, ब्लडप्रेशरच्या पेशंट, आणि डॉक्टरांनी उन्हात नेऊ नका असं बजावलेलं. नवरा ऑफिसच्या कामासाठी बेंगळुरूला. मी नाशिकची, नऊ वर्षांपासून इथल्या कॉलेजात शिकवते. गाडी चालवायला मला आवडतं, पण कशाची खात्री नसली की मला चैन पडत नाही. त्या रात्री गाडीची कागदपत्रं तीनदा काढून पाहिली. एसी मात्र लावून पाहिला नाही.

सकाळी सहाला निघालो. या रस्त्याने जाणार असाल तर उन्हाळ्यात याहून उशीर करू नका. इंदूर ते धुळे साधारण दोनशे साठ किलोमीटर, रस्ता चौपदरी, मध्ये न रेंगाळता पाच तास. फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे ठेवा, टोलनाके बरेच आहेत. राऊच्या पुढे एका टपरीवर पोहे-जलेबी घेतली, दोघींचे मिळून सत्तर रुपये. आईंनी वरून जादा सेव मागून घेतली. मानपूरच्या पुढचा घाट उतरताना मात्र ब्रेकवर लक्ष हवं, पुढचे ट्रक अचानक हळू होतात. खलघाटला नर्मदा लागली तेव्हा आईंनी हात जोडले आणि काच खाली करून नाणं टाकलं. पुलावर थांबायची परवानगी नाही, म्हणून मी फक्त वेग कमी केला.

त्या खूप बोलत होत्या. वाटेतला ढाबा, बैल, पाटी, सगळ्यावर काही ना काही. भावाबद्दल मात्र एक शब्द नाही. मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते.

जुलवानियाच्या पुढे एसीतून गरम हवा यायला लागली. आधी वाटलं चढामुळे असेल. बटण बंद केलं, चालू केलं, काचा उघडल्या. बाहेरची हवा भट्टीतून आल्यासारखी होती. आईंनी पदर ओला करून डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या की मला काही नाही होत, तू टेन्शन नको घेऊ. पण त्यांचा चेहरा लाल झाला होता. परत फिरावं की पुढे जावं? परतीचा रस्ता जास्त लांब होता. मी सेंधव्यापर्यंत गाडी दामटली.

सेंधव्यात हायवेलगतच एक गॅरेज मिळालं. मालक पन्नाशीचे, सगळे त्यांना मुकेशजी म्हणत होते. त्यांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. रेडिएटरच्या पुढे जी जाळी असते, कंडेन्सर म्हणतात तिला, ती एका बाजूला दबलेली होती आणि तिथे तेलाचा ओला डाग होता. गॅस तिथूनच हळूहळू गेला होता. "सामने से कुछ लगा था क्या?" त्यांनी विचारलं.

लागलं होतं. आठ दिवसांपूर्वी इंदुरात राजवाड्याजवळ एक लोडिंग रिक्षा मागे येताना माझ्या गाडीच्या तोंडावर आदळली होती. बंपरला चरा पडला होता. मी मनातल्या मनात चार शब्द बोलले आणि निघून आले होते.

इथे तुम्हाला जे सांगायचंय ते सांगून टाकते, कारण मलाही ते त्या गॅरेजच्या बाकड्यावरच कळलं. एसी जुना होऊन, झिजून किंवा आपोआप बिघडला तर गाडीचा विमा सहसा पैसे देत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर तिकडे विचारायचं. पण धडकेत, आगीत किंवा पुराच्या पाण्यात एसीचा भाग गेला आणि पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती, नसेल, तर दावा करता येतो. त्यातही खर्चाचा काही वाटा आपल्याला भरावा लागतोच. अट ही की विमा कंपनीला लगेच कळवायचं, आणि त्यांचा माणूस पाहून जाईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

मी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ॲक्सिडेंट कधी झाला? मुकेशजी हळूच म्हणाले, "आज सुबह का बोल दो मॅडम. ट्रक के पीछे से पत्थर उड़ा. सब ऐसा ही करते हैं." आणि मी म्हणाले, "आज सकाळी." इतक्या सहज, की माझं मलाच नवल वाटलं. तिने दाव्याचा नंबर दिला. नुकसान पाहणारा सर्व्हेयर मात्र उद्या दुपारपर्यंत येणार होता. तोपर्यंत काही उघडू नका, असं तिने बजावलं.

फोन ठेवला तर आई बाकड्यावरून माझ्याकडेच बघत होत्या.

"आज सकाळी कुठे लागलं?" त्यांनी विचारलं. "मी तर बाजूलाच होते."

मी काहीतरी पुटपुटले. उद्यापर्यंत थांबलो तर खर्च वाचेल, इथे लॉज आहे, असं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मला उद्यापर्यंत नाही थांबायचं," त्या म्हणाल्या. "आणि तो सर्व्हेवाला मला विचारेल तर मी काय सांगू? मी खोटं बोलायला नाही निघाले घरून." मग मुकेशजींकडे वळून, "भैयाजी, खोलो आप."

मी परत फोन लावून दावा रद्द करायला सांगितला. खरी तारीखही सांगितली. मुलगी नुसतंच "ठीक है मॅडम" म्हणाली. कान तापले होते माझे, आणि ते उन्हाने नव्हे.

नवीन कंडेन्सर गावातल्याच दुकानात मिळाला. बसवून, गॅस भरून साडेनऊ हजार झाले आणि साडेतीन तास गेले. तेवढा वेळ मुकेशजींनी आम्हाला गॅरेजमागच्या त्यांच्या घरात कूलरसमोर बसवलं. त्यांच्या आईने ताक दिलं. मी येरझाऱ्या घालत होते. आईंनी मला हात धरून बसवलं आणि पहिल्यांदा भावाचा विषय काढला. "अकरा वर्षं मी सोचत राहिले की तो का नाही आला," त्या म्हणाल्या. "त्याला विचारलं मात्र कधी नाही. एकदा पण नाही."

बिजासनचा घाट ओलांडला तेव्हा एसी थंडगार चालत होता आणि आई डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या नव्हत्या, बोटं सारखी हलत होती. शिरपूरला मी चहासाठी थांबू का विचारलं, तर म्हणाल्या, नको, चल.

धुळ्यात पोचलो चारला. बापूमामा खाटेवर उशांना टेकून बसले होते, उजवा हात मांडीवर निपचित. आईंना पाहून त्यांचा चेहरा एका बाजूने हलला. आई जवळ बसल्या आणि एसीची सगळी गोष्ट सांगायला लागल्या, गॅरेजच्या ताकासकट. माझं खोटंही त्यांनी वगळलं नाही. मामा ओठांच्या एका कोपऱ्यातून हसले.

मग मामांनी बोलायचा प्रयत्न केला. "तेव्हा... मी..." मामी म्हणाल्या, त्रास होतो त्यांना, राहू द्या. आई म्हणाल्या, "नाही, बोलू दे. मी ऐकायलाच आलेय."

आम्ही थांबलो. मला एका जागी उभं राहणं कठीण जात होतं, पण राहिले. दोनेक मिनिटं लागली असतील. "घाबरलो... तुला... तशी... बघायला."

आईंनी पदराने त्यांच्या ओठांची लाळ पुसली. "मूर्ख," त्या म्हणाल्या, आणि मग किती तरी वेळ त्यांचा निर्जीव हात चोळत बसल्या.

दोन दिवस राहिलो. मामींच्या हातची झणझणीत शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली. धुळ्याला गेलात तर हे चुकवू नका, पण पाणी जवळ ठेवा. परतीला पहाटे पाचला निघालो, कुठेही अडचण आली नाही.

घरी आल्यावर विम्याचं काम करणाऱ्या एका ओळखीच्यांना विचारलं. ते म्हणाले, धडक बसली त्याच दिवशी कळवलं असतं तर बहुतेक मिळाले असते पैसे. तेव्हापासून मी कुणालाही सांगते: चरा किती का छोटा असेना, फोटो काढा, फोन करा. पैसे गेले याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण "आज सकाळी" हे दोन शब्द मी इतक्या सहज बोलले, ते जास्त टोचत राहिलं. अजूनही टोचतं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मी कॉलेजात लेक्चरला निघाले होते. आई देवळात गेल्यात असं समजून मी कुलूप लावलं होतं. फोन वाजला. मागे एसटीचा गोंगाट होता.

"अगं, ऐक," आई म्हणाल्या. "मी सेंधव्याला आहे. बस दस मिनिट थांबलीय, चाय घेतेय. बापूला सांगितलंय, तो वाट बघतोय."