बावीस नंबरची कवाडी

भाद्रपद सरत आला तरी वरंधच्या वरच्या वाडीवर धुकं असं दाट, की शेळीचं शिंग दिसावं तर शेपूट दिसू नये. गोठा झाडून, शेण उकिरड्यावर टाकून सेजलने हात धुतले आणि लॅपटॉप घेऊन ती मागच्या कातळावर बसली. वाडीत फोनला नेट सापडतं ते तिथंच, आणि लॅपटॉप चालायचा तो फोनच्याच नेटवर.

बिरवाडीतल्या एका लॅबचा सर्व्हर ती इथून सांभाळायची. सर्व्हरला पोर्ट म्हणजे दारं, प्रत्येकाला नंबर. त्यातलं डेटाबेसचं दार कुणीतरी साऱ्या जगाला सताड उघडं ठेवलेलं. सेजलने ते लावलं. लोकांना रिपोर्ट बघायचं दार उघडं ठेवलं. स्वतः आत शिरायचं बावीस नंबर मात्र आपल्या फोनच्या नेटवरल्या पत्त्यापुरतं राखलं. मुंबईच्या ऑफिसमार्गे फिरून जायला नेट रखडतं, म्हणून हा जवळचा रस्ता.

"सेजल गो! काळी बांधावर चढली!" तिचा बाप गोमाजी ओरडला.

फोन खिशात टाकून ती धावली. शेळी हाकलून परत येते तो स्क्रीन गोठलेली. फोनने मधल्या वेळात घाटापलीकडचा टॉवर धरला होता, पत्ता बदलला होता, आणि तिचाच नियम आता तिला आत घेईना.

मुंबईच्या ऑफिसातले तिचे साहेब, राजेंद्र सर, एकाच अटीवर तिला गावी राहू देत होते: गावच्या नेटपायी एकदा जरी काम अडलं, तर सोमवारपासून ऑफिसात.

नियम बदलण्याआधी ती एक घड्याळ लावायची. दहा मिनिटांत तिने 'ठीक' म्हटलं नाही, तर सर्व्हर आपणहून जुने नियम परत आणतो. पण आज लावलं होतं का? आठवेना.

"तोंड का उतरलं गो?"

"सर्व्हरला कवाडी लावली आबा, नि मीच भायेर राहिले."

गोमाजी हसला. "माझ्यावर गेलीस. मी नाय शेळ्यांसंगती सवताला कोंडून घेतलं होतं? तुझ्या आयशीनं सोडवलं."

"मला कोण सोडवनार?"

"मंग बस गप. नखं खाऊ नको."

दहाव्या मिनिटाला दार उघडलं. डोकं विसरलं तरी हातांनी सवयीने घड्याळ लावलं होतं!

जुन्या नियमांसोबत डेटाबेसचं दारही उघडलं होतं; तिने पुन्हा घड्याळ लावून ते बंद केलं आणि या वेळी बावीस नंबर ऑफिसच्या कायमच्या पत्त्यापुरतं राखलं, नेट रखडो नाहीतर रांगो. स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीतून आत शिरून पाहिलं, मगच 'ठीक' म्हटलं. सरांना झालं ते सगळं लिहिलं, चुकीसकट. उत्तर आलं, "ते घड्याळ इथल्या पोरांनाही शिकव. तिथूनच."

"आबा, उघडलं!"

"मंग चल, काळीला धर. दूध काढायचं राह्यलंय."

सेजलने लॅपटॉप मिटला, चरवी उचलली आणि काळीच्या पायाशी उकिडवी बसली.